सवाईत रात्री दहा वाजता काय संपतं?

संशोधनाच्या तयारीबद्दल लिहिताना मध्येच संगीत महोत्सव कुठून आला, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. पीएच.डी.च्या मुलाखतीत 'सॅम्पलिंग बायस म्हणजे काय?' हा प्रश्न हमखास येतो आणि पाठ केलेली व्याख्या सगळेच सांगतात. पुढचा प्रश्न असतो, 'तुमच्या रोजच्या जगण्यातलं उदाहरण द्या.' तिथे बरेच जण अडतात. मला विचाराल तर पुण्यात राहणाऱ्यांसाठी याचं सर्वांत चांगलं उदाहरण दर डिसेंबरात भरतं, पाच दिवस चालतं आणि त्याचं तिकीट मिळतं. त्याचं नाव सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव.

म्हणून या वेळी दोन्ही कामं एकत्र करते. ही महोत्सवाची समीक्षा आहे, आणि एखाद्या निरीक्षणातून आपण किती बोलू शकतो याचा सरावही आहे. मी संगीताची विद्यार्थिनी नाही. घरी कुणी गाणारं नव्हतं. पुण्यात एम.एस्सी.ला आल्यावर ऐकायला लागले. तेव्हा गायकीतल्या बारकाव्यांवर निकाल देणं हा माझा प्रांत नाही. पण वेळ, आवाज आणि नोंदी यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो, आणि सवाईबद्दल मला जे म्हणायचं आहे ते नेमकं तिथलंच आहे.

आधी बेडूक

मी बेडकांच्या आवाजांवर काम करते. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या झाडाला रेकॉर्डर बांधून यायचं, काही दिवसांनी जाऊन काढून आणायचा आणि मग महिनोन्‌महिने ते आवाज ऐकत, त्यांचे आलेख बघत बसायचं. बॅटरी आणि मेमरी कार्ड दोन्ही मर्यादित असतात. त्यामुळे रेकॉर्डर कधी चालू आणि कधी बंद राहणार, हे आधी ठरवावं लागतं.

समजा, मी तो संध्याकाळी सात ते दहा चालू ठेवला. मध्यरात्रीनंतर ओरडणारी जात माझ्या नोंदीत येणारच नाही. ती तिथे नसते म्हणून नाही, माझं यंत्र बंद असतं म्हणून. पण अहवालात मी लिहिते, 'ही जात आढळली नाही.' पुढचा वाचणारा ते 'ही जात इथे नाही' असं वाचतो. त्याच्या पुढचा तर थेट नकाशाच रंगवून मोकळा होतो.

आता हा रेकॉर्डर डोक्यात ठेवून सवाईकडे या.

महोत्सवाची खिडकी

महोत्सवाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, तरी थोडक्यात सांगते. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे सवाई गंधर्वांचे शिष्य. १९५२ साली सवाई गंधर्व गेले, आणि १९५३ पासून भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात हा महोत्सव सुरू केला. आयोजन आर्य संगीत प्रसारक मंडळाचं. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. अनेक वर्षं तो रमणबागेच्या मैदानावर होत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगरच्या मैदानावर गेला.

जुने श्रोते अजून एक गोष्ट सांगतात: महोत्सव रात्रभर चालायचा. शाली, स्वेटर, थर्मासमधला चहा, आणि उजाडताना भीमसेनांचं समारोपाचं गाणं. आता कार्यक्रम साधारण दुपारी तीन-चारला सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. एखाद्या दिवशी परवानगी मिळून तो बारापर्यंत जातो, एखाद्या दिवशी सुरुवातच लवकर होते. दरवर्षी वेळापत्रक थोडं इकडे-तिकडे होतं, पण मुख्य खिडकी दुपार उतरल्यापासून रात्री दहापर्यंतचीच.

ती दहाची रेघ कुठून आली? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधून. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा बारापर्यंत वाढवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ही चौकट पक्की केली. या नियमांनंतर उघड्या मैदानावरच्या रात्रभराच्या मैफली संपल्या.

हिंदुस्थानी संगीतात रागाला वेळ असते. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार असे तीन-तीन तासांचे आठ प्रहर. रागांच्या या वेळा भातखंड्यांनी (१८६०–१९३६) आपल्या पद्धतीत नीट लावून मांडल्या. ढोबळमानाने भैरव पहाटे-सकाळी, तोडी त्यानंतर, सारंग दुपारी, भीमपलास, पटदीप, मुलतानी उतरत्या दुपारी. मारवा, श्री, पूरिया धनाश्री सूर्य मावळताना. मग यमन, नंतर केदार, बिहाग, बागेश्री. मध्यरात्रीच्या सुमारास आणि त्यानंतर मालकंस, दरबारी, अडाणा. रात्रीच्या शेवटच्या प्रहरात ललत.

दुपारी तीन ते रात्री दहा म्हणजे किती? आठ प्रहरांपैकी दोन पूर्ण, आणि तिसऱ्याचा एक तृतीयांश. चोवीस तासांपैकी सात. बाकीच्या सतरा तासांत आपला रेकॉर्डर बंद आहे.

या खिडकीचा फायदाही बघा, कारण तो कुणी फारसा बोलत नाही. डिसेंबरच्या मध्यात पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे सवाईत संध्याकाळचा संधिप्रकाश मैदानावर खरोखरच अनुभवता येतो. मांडवाच्या कडेने आकाश तांबूस होत असताना मुलतानी किंवा मारवा ऐकणं ही चीज बंद सभागृहात मिळत नाही. रात्री नऊला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफलीतही ती मिळत नाही. तेव्हा नव्या वेळेने फक्त काढून घेतलं असं नाही. तिने उतरत्या दुपारचे राग पुढे आणले. समीक्षा लिहिताना गमावलेलं लगेच दिसतं, मिळालेलं शोधावं लागतं.

घाईचा निष्कर्ष

कट्ट्यावर याबद्दल एक वाक्य ऐकू येतं, 'दहाच्या नियमाने रात्रीचे राग मारले.' वाक्य चटकदार आहे. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी अशा वाक्यापाशी थांबावं, कारण त्यात तीन वेगळी विधानं एकत्र बांधलेली आहेत. एक, रात्रीचे राग पूर्वी जास्त गायले जायचे आणि आता कमी गायले जातात. दोन, हे नियमामुळे झालं. तीन, हे वाईट झालं. पहिलं निरीक्षण आहे, दुसरं कारण आहे, तिसरं मूल्य आहे. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

पहिल्यापासून सुरू करू. रात्रीचे राग खरंच गेले का? सवाईला गेलेल्या कुणालाही विचारा. नऊ-साडेनऊला मालकंस किंवा दरबारी सुरू होणं ही काही नवलाची गोष्ट नाही. शेवटचा कलाकार मंचावर येतो तेव्हा घड्याळात नऊ वाजलेले असले तरी त्याच्या दृष्टीने ती मैफलीची अखेरची वेळ असते. म्हणजे काही राग नाहीसे न होता अलीकडे सरकले आहेत.

पक्ष्यांच्या अभ्यासातलं एक उदाहरण इथे फार उपयोगी पडतं. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात रॉबिन पक्षी रात्री का गातात, यावर २००७ साली एक शोधनिबंध आला. तोवर सगळे रस्त्यावरच्या दिव्यांना दोष देत होते. संशोधकांनी प्रकाश आणि आवाज दोन्ही मोजलं. रात्री गाणाऱ्या रॉबिनच्या जागा ओळखायला दिवसाच्या गोंगाटाची पातळी रात्रीच्या उजेडापेक्षा जास्त उपयोगी ठरली. दिवसा इतका कोलाहल की आपलं गाणं ऐकू जात नाही, म्हणून पक्ष्याने वेळ बदलली असावी, असा त्यांचा अर्थ. गाणं तेच, घड्याळातली जागा वेगळी. सवाईच्या बाबतीतही 'राग गेले की सरकले?' हा प्रश्न 'राग मेले' या घोषणेपेक्षा जास्त कामाचा आहे.

दुसरं विधान कारणाचं. समजा, नोंदी काढल्या आणि ललत खरंच कमी झालेला दिसला. तरी नियम हेच कारण कशावरून? त्याच काळात शहर बदललं. रात्रभर बसून सकाळी कामावर जाणारा श्रोता कमी झाला असेल. दूरच्या उपनगरातून येणाऱ्याला परतीची सोय बघावी लागते. एकेका दिवसात बसवायच्या कलाकारांची संख्या बदलली असेल. कलाकारांच्याच पसंतीत फरक पडला असेल. ही सगळी कारणं नियमाच्या बरोबरीनेच चालत आली असतील, तर नुसतं 'आधी' आणि 'नंतर' बघून ती वेगळी करता येणार नाहीत.

मग काय करायचं? तुलना शोधायची. कोलकात्याची डोव्हर लेन संगीत परिषद १९५२ पासूनची, म्हणजे सवाईच्याच वयाची. संगीत तेच, देश तोच, केंद्राचे ध्वनिनियमही तेच. पण ती जानेवारीत रात्रभर चालते, कारण ती छताखाली होते. बंद सभागृहांना दहाच्या नियमातून सूट आहे. म्हणजे आपल्याला निसर्गानेच एक तुलनागट दिला आहे. दोन्हीकडच्या साठ-सत्तर वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर श्रोते आणि शहरं बदलल्याचा परिणाम एका बाजूला आणि घड्याळाचा परिणाम दुसऱ्या बाजूला, असं थोडं तरी सोडवता येईल. पुणे आणि कोलकाता यांत इतर शंभर फरक आहेत, हे मान्य. परिपूर्ण तुलना क्षेत्रीय अभ्यासात मिळत नसते, त्यातल्या त्यात बरी शोधायची असते.

आणि नोंदी कुठून आणायच्या? इथे एक गमतीशीर सापळा आहे. छापील कार्यक्रमपत्रिकेत कलाकारांची नावं असतात, राग बहुतेक मंचावरच ठरतो. म्हणून तुम्ही वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांकडे वळाल. आता विचार करा, पहाटे साडेचारला गायलेला राग दुसऱ्या दिवशीच्या अंकात कसा येईल? अंक तर छापून सुटलेला असतो. म्हणजे ज्या काळात रात्रीचे राग भरपूर गायले गेले, त्याच काळात त्यांची नोंद कमी झाली असण्याची शक्यता आहे. आणि आता सगळं दहाला संपतं म्हणून नोंद पूर्ण होत असेल. हे न तपासता आकडे काढले, तर बदल कमी दिसेल किंवा उलटाही दिसेल. तुमची साधनं कधी जागी होती आणि कधी झोपली होती, हा प्रश्न इथेही आहेच.

आता समीक्षा

तिसरं विधान मूल्याचं. 'वाईट झालं का?' इथे आकडे मदत करतात, पण निकाल देत नाहीत. तो आपण द्यायचा असतो, कारणांसकट. माझा निकाल पुढे सांगते.

आधी नियमाबद्दल. मला तो योग्य वाटतो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. दहा डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट. मैदानाशेजारच्या इमारतीत कुणी आजारी असतं, कुणाचं बाळ नुकतंच झोपलेलं असतं, कुणाची सकाळची शिफ्ट असते. शास्त्रीय संगीत उच्च दर्जाचं, म्हणून त्याचा आवाज प्रदूषण नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. भिंतीपलीकडच्या माणसाला तान आणि डीजे यांतला फरक झोपमोडीनंतर फारसा सुखावत नाही. डीजेविरुद्ध तक्रार करायची आणि आपल्या आवडीला सवलत मागायची, हे बरोबर नाही.

माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीवर आहे. वेळ कमी झाली तेव्हा ती कमी वेळ कशी वाटायची, हा निर्णय नियमाने घेतलेला नाही. तो आयोजनाचा, आणि खरं तर आपल्या सगळ्यांच्या अपेक्षांचा आहे.

ढोबळ हिशोब करू. सात तास म्हणजे ४२० मिनिटं. मंचाची मांडणी, तानपुरे जुळवणं, ओळख, सत्कार यांना प्रत्येक कलाकारामागे वीस मिनिटं धरा. चार कलाकार असतील तर प्रत्येकाला ८५ मिनिटं मिळतात, पाच असतील तर ६४. एक कलाकार वाढवला की प्रत्येकाच्या वाट्याची एकवीस मिनिटं गेली. आता ६४ मिनिटांत एक राग, मग लोकांना हवी असलेली ठुमरी किंवा अभंग. म्हणजे मुख्य रागाच्या विलंबित ख्यालाला अर्धा तास. किराणा घराण्याच्या अतिविलंबित एकतालात एक आवर्तन मिनिटभराच्या आसपास जातं. अर्ध्या तासात तीसेक आवर्तनं झाली. त्यांत षड्जापासून वर सरकत एकेका स्वरापाशी थांबायचं, बढत करायची, तार षड्जाला पोचायचं आणि पुन्हा तानांनाही जागा ठेवायची.

हे अशक्य नाही, पण काहीतरी आकसणार. आकसतं ते सुरुवातीचं. द्रुत लय, तिहाई, तबल्याची जुगलबंदी इथे टाळ्या पडतात, म्हणून शेवट कुणी आखडत नाही. ज्या घराण्याने संथ स्वरविस्ताराला जीव लावला, त्याच घराण्याच्या स्मरणार्थ भरणाऱ्या महोत्सवात सगळ्यांत आधी संथपणाच कापला जातो, हे मला बोचतं.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे, आणि तो स्वतःच मांडून बघायला हवा. अब्दुल करीम खाँ आणि सवाई गंधर्व आपल्यापर्यंत पोचले ते ७८ गतीच्या तबकड्यांवरून. एका बाजूला साधारण तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांवर आपण इतकी वर्षं जीव टाकतोय. मग तासाभराला कमी का म्हणायचं?

उत्तर असं की तबकडीतल्या तीन मिनिटांचा घाट वेगळा असतो. गायकाला पहिल्या श्वासापासून माहीत असतं की जागा एवढीच आहे. तो छोटी चीज छोटी म्हणूनच मांडतो. तासाभराच्या मैफलीत मात्र दोन तासांच्या ख्यालाचा नकाशा तसाच ठेवून त्याची मोजपट्टी लहान केलेली असते. नकाशा लहान केला की मोठे रस्ते दिसतात, गल्ल्या पुसल्या जातात. म्हणून माझी तक्रार कमी वेळेबद्दल नाही, वेळेला न जुळणाऱ्या घाटाबद्दल आहे. एखाद्या कलाकाराने एक तास मिळाल्यावर फक्त विलंबित गाऊन उठावं, किंवा फक्त मध्यलयीतल्या चार बंदिशी सलग मांडाव्यात, तर त्याच साठ मिनिटांत पूर्णपणा येईल. श्रोते म्हणून आपण ते चालवून घेऊ का, हा प्रश्न आपल्यालाही विचारायला हवा. अभंगाची फर्माईश मांडवातूनच येते.

वेळ खरीच असते का?

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न इथे येणार. रागाची वेळ ही निसर्गातली गोष्ट आहे का? दरबारी दुपारी गायला तर बिघडतं काय?

सवाई भरतो त्याच डिसेंबरात चेन्नईत कर्नाटक संगीताचा मार्गळी मोसम चालू असतो. तिथे रागाच्या वेळेचं बंधन इतकं कडक पाळलं जात नाही, आणि त्यामुळे त्या संगीताचं काही अडत नाही. तेव्हा स्वर आणि सूर्य यांच्यात काही अटळ भौतिक नातं आहे, असं म्हणणं कठीण. मला तो संकेत वाटतो. पण संकेत आहे म्हणून तो खोटा, असंही नाही. भाषाही संकेतच आहे. शेकडो मैफलींतून एक राग एका प्रहराशी बांधला गेला की ऐकणाऱ्याच्या मनात तो प्रहर त्या रागाचा अर्थ होतो. ललत ऐकताना 'आता उजाडेल' असं वाटणं हे त्या अर्थाचा भाग आहे.

आणि माझ्या मते खरी जोखीम इथे आहे. अर्थ वापराने टिकतो. माझ्या पिढीच्या बहुतेक श्रोत्यांनी ललत फोनवर ऐकलाय, बसमध्ये, दुपारी, कानात बोंडं घालून. तो सुंदरच वाटतो. पण रात्रभर बसून अंग आंबल्यावर, थंडी वाजत असताना, आकाश फिकं होताना तो कसा लागतो, हा अनुभव आमच्याकडे नाही. जुने श्रोते ते सांगतात तेव्हा आम्ही मान डोलावतो. ते सांगणारेही एक दिवस असणार नाहीत. मग 'ललत पहाटेचा' हे वाक्य पुस्तकात उरेल, एखाद्या संग्रहालयातल्या पाटीसारखं.

काय करता येईल

नुसता आक्षेप घेऊन थांबायचं नाही, हे गाइड आम्हाला शिकवतात. तेव्हा माझ्या दोन सूचना.

पहिली, पाच दिवसांत एक रात्र बंद सभागृहात घ्यावी, दहा ते सहा. कायदा त्याला आडवा येत नाही, फक्त आवाज भिंतीबाहेर जाता कामा नये. तिथे मैदानाइतकी माणसं मावणार नाहीत. पुण्यातल्या मोठ्या नाट्यगृहातही हजाराच्या आसपासच लोक बसतात. म्हणून निम्म्या जागा विद्यार्थ्यांसाठी सोडतीने द्याव्यात. ज्यांनी रात्र कधी ऐकलीच नाही, त्यांना ती आधी मिळू दे. मुख्य महोत्सवाखेरीज 'षड्ज' आणि 'अंतरंग' यांसारखे लघुपटांचे आणि संवादाचे उपक्रम याच महोत्सवाने छताखाली चालवलेले आहेत. तेव्हा मैदानाबाहेर जाण्याची कल्पना त्याला परकी नाही.

दुसरी, मैदानावरच्या एका दिवशी तीनच कलाकार ठेवावेत. ४२० मधून साठ मिनिटं गेली, उरली ३६०. प्रत्येकाला दोन तास. त्या दिवशी किती लोक शेवटपर्यंत बसतात ते बघावं. गर्दी घटली तर कळेल की चूक माझी आहे आणि लोकांना विविधताच हवी आहे. घटली नाही तर आणखी एक दिवस वाढवावा.

या सगळ्यात महोत्सवाचं मोठं काम मी विसरलेले नाही. भारतीय बैठकीचं तिकीट काढून, सतरंजी-शाल घेऊन, अनोळखी माणसांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या एम.एस्सी.च्या मुलीला इथे गाणं कळायला लागतं. शेजारचे काका न विचारताच सांगतात, 'आता बघ, निषाद लपवून ठेवलाय.' बाजूच्या आजी डबा पुढे करतात. मैफली पूर्वी ज्यांच्या ओळखीपाळखी होत्या त्यांच्याच वाट्याला यायच्या. सवाईने त्या हजारो लोकांसाठी मांडवात आणल्या. म्हणूनच त्याच्याकडून जास्त मागावंसं वाटतं. पुण्यातल्या पुष्कळांसाठी शास्त्रीय संगीत म्हणजे सवाईत ऐकलेलं संगीत. खिडकी जेवढी, तेवढंच आकाश त्यांना दिसतं.

या डिसेंबरात जाणार असाल तर

एक वही घ्या. पाच रकाने आखा: कलाकार, राग, रागाची परंपरेने मानलेली वेळ, प्रत्यक्ष सुरुवात किती वाजता, आणि विलंबित किती मिनिटं चाललं. राग ओळखता येत नसेल तर मंचावरून सांगतात, नाहीतर शेजारी विचारा. पाच दिवसांत वीसेक ओळी भरतील. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातला फरक काढला की राग किती तास अलीकडे सरकतात याचा पहिला अंदाज येईल. एकाच वर्षाच्या नोंदींवरून मोठं विधान करू नका. पुढच्या वर्षी पुन्हा भरा.

आणि टेबल करताना एक पथ्य पाळा. रात्री दहा ते सकाळी सहा या चौकटींत शून्य लिहू नका. शून्य म्हणजे आपण पाहिलं आणि काही सापडलं नाही. इथे आपण पाहिलेलंच नाही, तेव्हा 'एनए' लिहायचं. माझ्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो, आणि थीसिसमधली निम्मी भांडणं याच एका फरकावरून होतात.

कुणी अशी वही भरली तर खाली कळवा. दोन-चार जणांच्या नोंदी जमल्या तर त्या एकत्र कशा करायच्या, एकाच मैफलीच्या दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर काय करायचं, यावर पुढच्या वेळी लिहीन.